झाकणाला स्क्रू नव्हता

आमच्याकडं तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला "बघू" म्हटलं की तो काय ते समजतो, चहा संपवतो आणि चपला घालतो. जळकोटात माझं आयुष्य या एका शब्दावर सुखात चाललं होतं. हा शब्द परदेशात पाठवायचा नसतो, हे मात्र इतकी वर्षं नोकरी करूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी पुण्याच्या एका खेळणी कंपनीसाठी मालाची गुणवत्ता तपासतो. कारखाना व्हिएतनाममध्ये, साहेब पुण्यात आणि मी बहुतेक दिवस घरी लॅपटॉपसमोर. मंजूर झालेला नमुना सही करून, सील लावून आईच्या कपाटात तिच्या लुगड्यांखाली ठेवलेला असतो. माझ्या खिशात कायम एक प्लास्टिकची नळी असते, लहान मुलाच्या घशाच्या मापाची. खेळण्यातून सुटलेला तुकडा त्या नळीत पुरता मावला, तर खेळणं नापास. ही नळी हाती आल्यापासून माझी नजरच बिघडली आहे. आई चिंचोके वाळत घालते आणि मी ते नळीत टाकून बघतो. "येड लागलंय तुला," ती म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

एका साली आमच्या कंपनीचं गाणारं पिवळं बदक होतं. त्याच्या पोटात शर्टाच्या बटणासारखा चपटा सेल. तो मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर काही तासांत आतून जाळतो. म्हणून झाकणाला स्क्रू हवाच. प्रयोगशाळेत पास झालेल्या नमुन्याला तो होता. उत्पादन सुरू झालं तेव्हा कारखान्याच्या दुभाषी बाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, स्क्रू बसवण्यात फार वेळ जातोय, खटक्याचं झाकण लावलं तर चालेल का? त्या इतक्या अदबीनं बोलत होत्या की त्यांना तोडून बोलणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "वी विल सी." म्हणजे बघू. म्हणजे नाही! त्यांनी टिपणात लिहिलं की तूर्त हरकत नाही, पुढं पाहू. ते टिपण मला आलं होतं. मी ते वरवर चाळून बाजूला सारलं.

माल पुण्यात उतरला तसा मी गोदामात गेलो. पहिल्याच खोक्यातलं बदक उचललं, अंगठ्यानं झाकण दाबलं आणि सेल टपकन माझ्या तळहातावर पडला. अख्खी खेप तशीच निघाली. मी नापासाचा शेरा लिहून साहेबांपुढं ठेवला. साहेब मूळचे लातूरकडचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्यांनी आवाज चढवला नाही, मला चहा मागवला.

"माल परत घ्यायला कारखाना तयार नाही. विल्हेवाट लावू आपण."

"म्हणजे नष्टच करायचा ना, साहेब?"

"बघू," साहेब म्हणाले.

तो शब्द मला कळला. माझ्याइतका तो कुणाला कळणार? मी चहा संपवला, बूट घातले आणि जळकोटची गाडी धरली. शेरा लिहिला, आपलं काम झालं, असं सोलापूर येईपर्यंत मनाशी घोकत होतो.

चारेक महिन्यांनी धाकट्या बहिणीनं तिच्या सासरहून, ईटहून व्हिडिओ पाठवला. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. वर्षभराची भाची मांडी घालून बसलेली आणि पुढ्यात पिवळं बदक. गाण्याचे पहिले दोन सूर ऐकले आणि व्हिडिओ तिथंच बंद केला. मी बहिणीला फोन लावला.

"ते बदक कुठनं आणलंस?"

"आठवडी बाजारातनं. का रं दादा?"

"त्यातला सेल काढ आधी."

"सेल कुठाय त्यात? झाकण बी न्हाय. सकाळधरनं गात न्हाय ते."

"आणि ती?"

"लाळ लई गाळायलीय. दात यायलेत जणू."

मी ओरडलो, थांबू नको, तिला बार्शीला ने. मोटारसायकल काढली आणि सुटलो. वाटेत काय दिसलं ते आठवत नाही. बार्शीच्या दवाखान्यात बहीण पोरीला घेऊन आधीच पोचली होती. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. पोटात सेल नव्हता, गळ्यातही नव्हता. बहीण तिथंच भिंतीला टेकून हुंदके देऊन रडली. मला रडूही आलं नाही, स्वतःची नुसती किळस आली.

ईटला परतल्यावर ज्वारीच्या पोत्यामागं सेल सापडला. सवयीनं मी खिशातली नळी काढली आणि तो आत सोडला. पुरता मावला.

ती नळी बघत बहीण म्हणाली, "बाजारात त्या माणसाकडं लई व्हती रं असली बदकं. मांडीवर लेकरं घेऊन बाया न्यायल्या व्हत्या. तुमच्याच कंपनीची हायेत न्हवं? परत गोळा करायला सांग की दादा. सांगशील न्हवं?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढं साहेब आले, तो चहाचा कप आला, माझी नोकरी आली.

"बघू," मी म्हणालो.

तीही जळकोटचीच लेक. तिनं पोरीला उचललं आणि आत निघून गेली.