पन्नास ओव्हरी

मानवतला बसस्टँडमागं माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेचा प्रिंटर घेऊन महिन्यातून एकदा तरी मी तिथं जातो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते जुन्या सीडीवरचे फसलेले गेम खेळतात आणि त्यांची टर उडवणारे व्हिडिओ नेटवर टाकतात. स्वतः मात्र हसत नाहीत. पंचनामा वाचावा तशा आवाजात सांगतात, "बॉलर पळायलाय. पळत पळत प्रेक्षकांत गेला. चेंडू अजून त्याच्या हातातच हाय."

त्या क्रिकेटच्या गेमवर लोक पोट धरून हसले. मग एका माणसानं व्हिडिओखाली लिहिलं, "हा गेम मी कॉलेजात असताना एकट्यानं तयार केला होता. त्यानंतर पुन्हा काही केलं नाही."

त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मी म्हणालो, "व्हिडिओ काढून टाका."

"काढला तर त्याचा गेम कोणाला दिसंल, सर?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच गेम पुन्हा खेळायला घेतला, पुऱ्या पन्नास ओव्हरींचा. तीन दुपारी लागल्या. शेवटच्या दुपारी मीही शेजारी बसलो होतो. सामना संपला आणि पडद्यावर गेम तयार करणाऱ्याचं नाव आलं. पहिल्या वेळी ते इथवर पोचलेच नव्हते.

ते नाव त्यांनी कॅमेऱ्यासमोर सावकाश, दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मंडळी, ह्या गड्यानं लय काम केलंय."