चाचीच्या नेलपॉलिशची रेघ

चहा पिता पिता चाचांची बशी ओठांपाशी थांबायची आणि रस्त्याकडे न बघताच ते म्हणायचे, "कापूसवाल्या गुड्डूची गाडी आहे. उपाशी चालून राह्यली." मग वळणावरून गाडी दिसायची, आणि ती गुड्डूचीच असायची. मारेगावच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. पाटीबिटी काही नव्हती. सगळा तालुका त्यांना कानवाले चाचा म्हणायचा. त्या कानांवरून त्यांचा स्वतःचाच भरवसा उडाला, आणि तो माझ्यामुळे. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

कार्बोरेटर म्हणजे चाचांच्या मते पंगतीतला वाढणारा हात. "वाढणारा बिघडला तं पंगत बिघडते," असं ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. पेट्रोल कमी वाढलं तर गाडी उपाशी, जास्त वाढलं तर अजीर्ण, मग ती धूर ओकत बसते. कार्बोरेटरच्या आत एक बारीक सुई असते. तिच्या डोक्याशी पाच खाचा असतात. एक इवलीशी क्लिप कोणत्या खाचेत अडकवायची, यावर पेट्रोल किती वाढलं जाणार ते ठरतं. बाकीचे मेकॅनिक ठोकताळ्यानं अडकवायचे. चाचा एक खाच बदलायचे, रेस द्यायचे, डोळे मिटून मान कलती करायचे, पुन्हा कार्बोरेटर उघडायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "काहून घाई करतं बाबू? तिले बोलू तं दे."

त्यांच्या हत्यारांच्या डब्यात पान्यांच्या शेजारी लाल नेलपॉलिशची बाटली असायची. चाचीची. काम झालं की कार्बोरेटरच्या टोपीवरून खाली अंगापर्यंत ते एक बारीक रेघ ओढायचे. पुढे कोणी टोपी उघडली की रेघ तुटायची. "तुम्ही हात लावता आन् नाव माह्यं खराब होते," असं ते तोंडावर सांगायचे. ईदच्या आदल्या दिवशी बाटली रिकामी सापडली की चाची दुकानात येऊन त्यांची अशी हजेरी घ्यायची की गिऱ्हाइकं हसून हसून बेजार.

माझी गाडी मात्र बिनरेघेची होती. मी तेव्हा मारेगावजवळच्या तांड्यावरच्या शाळेत मास्तर. वडिलांची जुनी दोन-स्ट्रोक गाडी होती, तिचं मडगार्ड उंच केलं, चिखलात पकड घेणारे बटण टायर चढवले, सायलेन्सर वर वळवला आणि तिला चिखलात पळवायचा नाद लावून घेतला. रविवार म्हटला की मी चाचांच्या दुकानात. एकदा मी म्हटलं, "चाचा, माझ्या गाडीला रेघ नाही?" ते केवढ्यानं हसले. "तुह्या गाडीले रेघ कायले? तू काय परका आहेस का, मास्तर?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पडीक शेतात आमची चिखलातली शर्यत असायची. त्या वर्षी चाचांनी अख्खी सकाळ घालवून क्लिप चौथ्या खाचेत बसवली. "इथून हलवू नको. हिचं पोट आता बरोबर भरलं." आणि मी शहाणा! मोबाइलवर कुठल्याशा पोराचा व्हिडिओ पाहिला, की पेट्रोल कमी केलं की गाडी उडते. शर्यतीआधी बाभळीखाली बसून मीच टोपी उघडली आणि क्लिप दुसऱ्या खाचेत टाकली.

गाडी खरंच उडाली. पहिल्या दोन फेऱ्या मी सगळ्यांच्या पुढे होतो. तिसऱ्या फेरीत पिस्टन जाम झाला आणि मी तोंडावर चिखलात. लोक धावत आले. कोणीतरी विचारलं, "सेट कोणी केली होती?" मी म्हटलं, "चाचांनी." ते खोटं तर नव्हतंच, म्हणून तोंडातून अलगद निघालं. पण पुढचं मी जाणूनबुजून केलं. गाडी दुकानात नेण्याआधी क्लिप परत चौथ्या खाचेत अडकवली.

चाचांनी आधी प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा. म्हणजे गाडी उपाशी चालली होती. मग टोपी उघडून सुई बाहेर काढली. चौथी खाच. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. माझ्याकडे बघून त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, 'हात लावला का?', तर कदाचित मी सांगूनही टाकलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. प्लग उजेडात धरून म्हणाले, "प्लग झूट नाही बोलत, मास्तर. माह्येच कान गेले." वर माझीच माफी मागितली. आणि मी काय म्हणालो? "असू द्या हो चाचा, होतं कधी कधी." आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यानंतर चाचांनी कार्बोरेटरला हात लावला नाही. पंक्चर काढायचे, चेन घट्ट करायचे. कोणी फार गळ घातली तर, "लोहाऱ्याच्या मोठ्या ग्यारेजात जा, तिथं मशीनवाले आहेत." पुढे माझी कळंबला बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तरी तिथल्या चिंतामणीच्या देवळात हात जोडले की माझ्या डोळ्यांपुढे तो पांढरा प्लगच यायचा.

त्या शर्यतीनंतर सात वर्षांनी कळलं की चाचा लेकीकडे अकोल्याला कायमचे चाललेत. पिस्टन बदललेल्या त्याच गाडीवर बसून मी मारेगाव गाठलं. चाचा बाजेवर बसले होते, चाची बोचकी बांधत होती. आता मात्र चाचांचे कान वयानं खरंच मंदावले होते. हळू आवाजात कबूल करायची सोयही उरली नव्हती. मला ओरडून सांगावं लागलं, "चाचा, क्लिप मी बदलली होती! तुमची चूक नव्हती!" शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

चाचा बाजेवरून पुढे वाकले. मग एकच प्रश्न, "कितव्या खाचेत टाकलती?"

"दुसऱ्या."

"दुसऱ्या!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग जाम होईन नाही तं काय!" आणि चाचीकडे वळून लहान पोरासारखे ओरडले, "सुना क्या? मेरे कान बराबर थे!"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चाची हसली नाही. बोचक्याची गाठ मारता मारता मला म्हणाली, "सात वर्सं यायनं घरात रेडिओ नाही लावू देल्ला. मले कायले पाह्यजे, माह्ये कान खराब आहेत म्हने."

चाचांना आता दम निघेना. बोचक्यातून हत्यारांचा डबा काढायला लावला. अंगणात गाडी उभी केली, टोपी उघडली, क्लिप हलवली, रेस दिली, डोळे मिटले, मान कलती केली. पुन्हा उघडली, पुन्हा रेस. शेवटी पाचव्या खाचेत बसवून म्हणाले, "झालं. कशी बोलून राह्यली?" गाडी भकभक करत होती, निळा धूर अंगणभर. अजीर्ण. इतकं ओळखायला त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

"एक नंबर, चाचा!" मी ओरडलो. पुन्हा खोटंच. पण या खोट्याचं मला काही वाटत नाही.

मग त्यांनी चाचीकडे हात पुढे केला. तिनं बाटली दिली. त्यांनी माझ्या गाडीच्या टोपीवर लाल रेघ ओढली. तिच्यावर फुंकर घातली. माझ्याकडे बघून हसले, पण 'तू काय परका आहेस का' असं या वेळी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. माझी गाडी अजून धूर ओकते. दर आठ दिवसांनी काळा झालेला प्लग मी घासून साफ करतो. शाळेतली पोरं नाक दाबून हसतात. कळंबचा मेकॅनिक म्हणतो, "सर, क्लिप एक खाच हलवली की झालं, दोन मिनिटांचं काम आहे." मी त्याला टोपीला हात लावू देत नाही. रेघ अजून अख्खी आहे.