कोंडिबाची आई

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते. खरं सांगायचं तर हसायला वाचते. दुपारी डबा खाताना लॅबमधल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, ह्या बाईची शुगर तपासा गं आधी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शहागंजच्या जवळच. चौदा वर्षं झाली. सुईत जे येतं आणि काचेखाली जे दिसतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा... असं मानणारी मी. त्यामुळं आज मीच हे टाइप करत बसलेय याचा मला संताप येतोय. पण त्याहून मोठा संताप वेगळाच आहे आणि तो भुताखेतांवर नाही, घरच्या माणसांवर आहे.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. मी, नवरा संदीप, आठ वर्षांची स्वरा आणि अर्णव – तेव्हा साडेचार वर्षांचा. संदीप वाळूजला कंपनीत आहे. सासूबाई पिशोरला असतात, शेती आहे तिकडं. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

अर्णवच्या जन्माचं थोडं सांगावं लागेल. स्वरानंतर माझं एक बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मग हा. तोही वेळेआधी आला, मूठभर जीव, दहा दिवस काचेच्या पेटीत. मला इन्फेक्शन झालं आणि मी जवळपास महिनाभर हॉस्पिटलात, त्यातले कितीतरी दिवस शुद्धच नव्हती. अर्णवला डिस्चार्ज मिळाल्यावर आत्याबाई त्याला पिशोरला घेऊन गेल्या. मी घरी आले तेव्हा त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला – गुटगुटीत, तीट लावलेला. मी त्यांच्या पाया पडून रडले होते. पाच वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझी सासू नसती तर माझं लेकरू वाचलं नसतं.

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही क्रूझला गेलो. मुंबईहून निघून लक्षद्वीप आणि परत, पाच दिवस. स्वरानं शाळेतल्या मैत्रिणीचे फोटो बघून वर्षभर डोकं खाल्लं होतं. आत्याबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी तारखा विचारल्या. मग म्हणाल्या, अर्णवला पाण्यावर नेऊ नका, त्याला पाच पुरी होऊ द्या. का, तर नुसतंच असं... म्हातारी माणसं म्हणतात. मी हसले, स्पीकरवरच म्हणाले की आत्याबाई, जहाज अकरा मजली आहे, आपल्या गल्लीपेक्षा मोठं. संदीपनं पटकन फोन उचलून स्पीकर बंद केला आणि बाल्कनीत जाऊन बोलला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

समृद्धी महामार्गानं मुंबई, मग जहाज. पहिला दिवस नुसता धिंगाणा. पोरांनी लिफ्टनं वरखाली पंधरा फेऱ्या मारल्या, स्वरानं आइस्क्रीमच्या मशीनपाशी मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी दिवसभर समुद्रच, कुठंही किनारा नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मी स्वराला घेऊन वरच्या मजल्यावर घसरगुंडीला गेले आणि अर्णवला संदीपजवळ ठेवला. दोन माणसांत दोन पोरं, एवढं साधं गणित. मी चाळीस मिनिटांनी खाली आले तर साहेब डेकवरच्या खुर्चीत तोंडावर टोपी ठेवून घोरत होते. बाजूच्या खुर्चीत अर्णवची चप्पल. अर्णव नाही.

ज्यांचं लेकरू कधी हरवलंय त्यांना पुढची वीस मिनिटं सांगायची गरज नाही. मी रेलिंगवरून खाली बघितलं. मी खाली बघितलं ते मला अजून विसरता येत नाही, कारण रेलिंगवरून खाली बघायचं म्हणजे आपण मनात काय कबूल केलेलं असतं ते तुम्हीच समजून घ्या. संदीप नुसता इकडून तिकडं पळत होता. स्पीकरवरून अनाउन्समेंट झाली. मग सिक्युरिटीचा फोन आला की मुलगा सापडला, मेडिकल सेंटरच्या बाहेर जिन्यात बसलाय.

अर्णव अगदी मजेत होता. रडला नव्हता, घाबरला नव्हता. मी त्याला छातीशी धरला, दोन धपाटे घातले, परत छातीशी धरला. तेव्हा त्याच्या उजव्या मनगटाला मला काळा दोरा दिसला. जाड, खरखरीत, केसाळ. सकाळी मीच त्याला अंघोळ घातली होती, तेव्हा हातात काही नव्हतं.

"हे कुणी बांधलं रे?" मी विचारलं.

"त्या आजीनं. ती म्हणाली, कोंड्या, तिकडं नको जाऊ, पाणी हाय."

कोण आजी, कशी दिसत होती, तर म्हणे डोक्यावर पदर, हातात खूप बांगड्या, आणि तिचा वास आपल्या पिशोरच्या गोठ्यासारखा येत होता. कोंड्या हे नाव आमच्या घरात कुणाचं नाही, मी ते कधी ऐकलेलंही नव्हतं. मला वाटलं एखादी प्रवासी म्हातारी असेल, नातवाच्या नावानं हाक मारली असेल. तिचे पाय धरायला हवेत म्हणून मी सिक्युरिटीवाल्यांना म्हटलं, मला त्या आजी दाखवा.

त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. सिक्युरिटी ऑफिसर केरळचा होता, शांत माणूस. अर्णव अनवाणी पॅसेजमधून जातो. कर्मचाऱ्यांसाठीचं एक दार साफसफाईसाठी बादली लावून उघडं ठेवलेलं, तो त्यातून बाहेर जातो. बाहेर दोरखंडांची जागा, तिथली रेलिंग तारेची, खालच्या तारेखाली मोठी फट. माझ्या लेकरानं त्या तारेला धरून एक पाय पलीकडं टाकलाय... हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मग तो थांबतो, मान वळवून वर बघतो, जसं आपल्याहून उंच माणसाकडं बघावं तसं. पाय आत घेतो. त्याचा उजवा हात वर जातो, कुणाचं बोट धरल्यावर पोरांचा जातो तसा, आणि तसाच हात वर ठेवून तो चालत आत येतो. दोन जिने चढतो. दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी जाड लोखंडी दार आहे, ते मला दोन हातांनी ढकलावं लागलं होतं. अर्णव पोचायच्या आधी ते उघडतं. पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये दुसरं कुणी नाही.

ऑफिसरनं ते दोनदा लावलं. म्हणाला, हवेचा दाब असेल, मॅडम. असेल. पण दोरा हवेनं बांधला का?

मी संदीपकडं बघितलं. तो स्क्रीनकडं बघतच नव्हता, अर्णवच्या मनगटाकडं बघत होता. ओठ पांढरे पडलेले. केबिनमध्ये आल्या आल्या त्यानं तो दोरा तोडायला घेतला. "समुद्रात टाकू, आत्ताच्या आत्ता टाकू." गाठ सुटेना तेव्हा माझ्या पर्समधली कात्री काढली. तेव्हा मला कळलं – हा माणूस घाबरलाय, पण चकित झालेला नाही. मी त्याच्या हातातून तो तुकडा ओढून घेतला, पोरांना कार्टून लावून दिलं आणि त्याला बाथरूममध्ये नेऊन दार लावलं. त्या एवढ्याशा बाथरूममध्ये, कमोडच्या झाकणावर बसून, माझ्या नवऱ्यानं मला साडेचार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली.

मी हॉस्पिटलात बेशुद्ध असताना अर्णवचं दूध तुटलं होतं, अंग गार पडायचं. आधीचं एक गेलेलं, म्हणून आत्याबाईंनी गावाकडं जुन्या काळी करायचे तसं केलं. लेकरू सुपात घातलं आणि गावाबाहेर मेंढ्यांचा वाडा टाकून बसलेल्या हौसाबाई नावाच्या धनगर बाईच्या पुढं नेऊन ठेवलं. तिनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घेतलं, ओटीत घेतलं, घोंगडीच्या लोकरीचा काळा दोरा मनगटाला बांधला आणि नाव ठेवलं कोंडिबा. म्हणजे लेकरू आता आपलं नाही, तिचं. आपण नुसतं सांभाळतोय. मग ज्याला न्यायचंय तो आपल्या दारात शोधत येत नाही. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत जन्माच्या आईनं लुगडं-चोळी घेऊन जायचं, तिची ओटी भरायची, "माझं लेकरू मला दे" म्हणायचं, तिनं "घे" म्हणायचं. मग ते परत आपलं होतं.

"आणि मला कधी सांगणार होता?" मी म्हटलं.

तो म्हणाला, तू हसली असतीस, भांडली असतीस, आईला अडाणी म्हणाली असतीस. सांगू सांगू म्हणता राहिलं. आणि आता ते होणारही नव्हतं, कारण हौसाबाई नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात वारली होती.

मी हसले असते, हे खरंय. भांडले तर नक्कीच असते. पण माझं लेकरू दुसऱ्या बाईच्या ओटीत घातलं आणि मला पत्ता नाही? मी ज्यांच्या पाया पडले त्यांनी, आणि ज्याच्या शेजारी रोज झोपते त्यानं? सुई टोचायची तरी आम्ही लॅबमध्ये पेशंटला विचारतो. उरलेले तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. लक्षद्वीपचे फोटो आहेत, सगळ्यांत मी हसतेय. पोरांसाठी हसावं लागतं.

परत आल्यावर पहिलं काम, तो दोरा काचेखाली ठेवला. मेंढीची लोकर. मशीनची नाही, हातानं पिळलेली, कुठं जाड कुठं बारीक. जहाजावर चढताना आमच्या सगळ्या सामानाची तपासणी झाली होती आणि आमच्या घरात असला दोरा कधीच नव्हता. अर्णवचा तान्हेपणीचा दोरा आत्याबाईंनी मी घरी यायच्या आधीच काढून नदीत सोडला होता, हे त्यांनी नंतर स्वतः कबूल केलं.

मग एका रविवारी शहागंजातून हिरवं लुगडं आणि चोळीचा खण घेतला आणि एकटी अर्णवला घेऊन पिशोरला गेले. सासरी गेलेच नाही. विचारत विचारत मेंढ्यांच्या वाड्यावर पोचले. हौसाबाईची सून होती, माझ्याच वयाची, मेंढीच्या खुराला औषध लावत होती. मी हौसाबाईचं नाव काढताच तिनं अर्णवला ओळखलं, "कोंडिबा नव्हं का ह्यो?" म्हणत हात पुसून त्याच्या गालावरून फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

"आन् तुमी कोण? सांभाळायला ठिवलंय व्हय तुमाला?"

"मी त्याची आई," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ सरकली. मग तिनं अर्णवला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक केला. "त्याची आई तर बाळंतपणातच गेली ना, बाई? त्याच्या आजीनं तसंच सांगितलं व्हतं. त्याचा बापबी व्हता संगं. आई जिती आसंल तर तिला इचारल्याबिगर लेकरू घेत नाय आमी. बिनआईचं म्हणून तर घेतलं आमच्या म्हातारीनं."

मी तिथं दगडावर बसले. ती सांगत राहिली. म्हातारी दर वर्षी मेंढ्या घेऊन परतली की पोराची चौकशी करायची, कुणी दाखवायला आणलं नाही. शेवटच्या दुखण्यात सारखं एकच बोलायची – लेकराला आई नाय, त्याच्याकडं कोण बघंल.

बाथरूममध्ये दार लावून, रडत, सगळं सांगतोय म्हणून सांगणाऱ्या माझ्या नवऱ्यानं नेमकं एवढंच गाळलं होतं. मी हॉस्पिटलात नळ्या लावून जगायला झटत होते आणि हा माणूस आईच्या शेजारी उभा राहून, मी मेले असं ऐकत मान डोलावत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, आई बोलली, मी गप्प बसलो. आत्याबाई म्हणाल्या, लेकरू वाचलं का नाही? लेकरू वाचलं. दोनदा वाचलं. आत्याबाईंचा फोन मी अजून घेत नाही आणि संदीपशी कामापुरतंच बोलते. पुढं काय होईल माहीत नाही.

दोरा कुठून आला, दार कसं उघडलं, शेकडो किलोमीटरवरच्या मेंढवाड्यातली बाई समुद्रात कशी पोचली... खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, पण भास म्हणू नका, मी रेकॉर्डिंग बघितलंय.

त्या दिवशी मी ते लुगडं सुनेला देऊ केलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, मला कसा हक्क पोचंल, घेतलं तिनं, सोडायचं बी तिनंच. मग जिथं म्हातारीची बाज असायची ती जागा तिनं दाखवली. मी लुगडं आणि खण तिथं जमिनीवर ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. आणि मी, चौदा वर्षं लोकांचे रिपोर्ट काढणारी बाई, भर दुपारी रिकाम्या जागेपुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हौसाबाई, तुम्हाला खोटं सांगितलं. मी मेलेली नाही. मी त्याची आई आहे. माझं लेकरू मला द्या."

मेंढ्या ओरडत होत्या, बाकी काही ऐकू आलं नाही. अर्णव माझ्या कडेवर होता आणि माझ्या खांद्यावरून मागं कुणाकडं तरी बघत होता. ती काय म्हणाली, हे त्याला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.