जूनच्या खेपा

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्याकडं किस्से साठतात. फाईल निदान वर्षातून एकदा रद्दीत जाते, किस्से मात्र चहाबरोबर रोज बाहेर निघतात.

धाराशिवात आमची छोटी संस्था आहे. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाण्याचे टँकर पाठवते. रजिस्टरमध्ये टँकर सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख आणि एकूण खेपा. हे कॉम्प्युटरवर घालून महिनावार बेरजेचा डॅशबोर्ड करायचा, हे माझं काम. गेल्या वर्षी ज्या महिन्यात खेपा दिसतील, त्याच महिन्यात यंदा टँकर मिळेल, असं मंजुरी देणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी ठरवलेलं. परंड्याकडच्या एका वस्तीचा जून त्यावर अडकला होता.

*

पहिला डॅशबोर्ड मी मोठ्या ऐटीत उघडला. त्या वस्तीचा टँकर पंचवीस मार्च ते दहा जून, खेपा एकशे छप्पन. सॉफ्टवेअरनं फक्त सुरुवातीची तारीख बघितली आणि सगळ्या खेपा मार्चमध्ये ओतल्या! एप्रिल, मे, जून कोरडे. मागं टँकरचे ड्रायव्हर बाशाभाई उभे होते.

"मॅडम, सात दिवसांत एवढ्या खेपा मारल्या व्हय म्या? मग जेवलो कवा?"

तोवर मी तो रिपोर्ट साहेबांना मेल करून बसले होते.

*

मग म्हटलं, चारही महिन्यांत सारखं वाटून टाकू. प्रत्येकाला एकोणचाळीस. मार्चच्या सात दिवसांना तेवढंच आणि मेच्या एकतीस दिवसांनाही तेवढंच. हे सुमनताईंनी पाहिलं. त्या येरमाळ्याच्या, फील्डचं सगळं त्याच बघतात, रजिस्टरही त्यांच्याच हातचं.

"असलं वाटप आमच्या भावकीत बी कुणी मानत न्हाय," एवढं बोलून त्या बस गाठायला निघाल्या.

*

मी हट्टाला पेटले. रोजच्या दोन खेपा धरायच्या आणि दिवस ज्या महिन्यातला, त्या महिन्यात टाकायच्या. सूत्र बसलं. पण १०/०६ हे मशीननं सहा ऑक्टोबर असं वाचलं आणि टँकर दसऱ्यापर्यंत पळाला.

"भर पावसात कुणाला पाणी पाजलं म्या?" बाशाभाईंनी शांतपणे विचारलं.

*

तारीख सुधारली, तर बेरीज दोन खेपांनी कमी. मी शेवटच्या तारखेतून पहिली वजा करत होते, दिवस येत होते सत्त्याहत्तर. सुमनताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"कंच्या दिवशी वस्तीला तहान लागली न्हवती, तेवढं दाखव."

पंचवीस ते एकतीस मार्च त्यांनी मला बोटांवर मोजायला लावलं. वजाबाकी सहा म्हणत होती, बोटं सात झाली. एक दिवस वाढवला. मार्च चौदा, एप्रिल साठ, मे बासष्ट, जून वीस. तो वीसचा आकडा बघून मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांना भजी मागवली.

*

मे महिन्यात साहेब आले. पडद्यावर माझा नवा डॅशबोर्ड, त्यांच्या हातात पहिल्या मेलचा छापील कागद.

"सुरुवात मार्चमध्ये झाली ना? मग खेपा मार्चच्याच. जूनला टँकर नाही."

मी दिवस सांगितले, सूत्र सांगितलं. साहेब घड्याळ बघायला लागले. वस्तीचं पाणी माझ्या त्या एका मेलमुळं तुटत होतं. तेवढ्यात सुमनताई उभ्या राहिल्या.

"साहेब, माझं लगीन मे महिन्यात झालं."

"बरं?"

"मग मी नांदले ते समदं त्या एका मे महिन्यातच धरायचं का?"

साहेबांनी कागद उलटा ठेवला. पडद्यावरचा जूनचा आकडा पाहिला. मग मंजुरीच्या यादीत त्या वस्तीपुढं जून लिहिला, सही केली आणि हसत विचारलं, "किती वर्षं झाली लग्नाला, ताई?"

"बावीस. बंद झाल्याची तारीख अजून टाकली न्हाय."