कनकीने घासलेल्या बाटल्या

रुक्माचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भात टाकून, डबे भरून ती नागरा गावाहून गोंदियाला पायी निघायची. सीट भरल्याशिवाय ऑटो हलत नसे आणि थांबून राहणे तिला जमत नसे. सायकल घ्यायची म्हणून मजुरीतले थोडे थोडे बाजूला टाकत होती.

रुक्मा म्हणजे माझी बायको. आधी आम्ही दोघे एकाच राइस मिलमध्ये होतो. मी टाकीवर, धान भिजवायचे, वाफ द्यायची. ती झाडझूड करायची. तिने झाडलेली जागा दुसऱ्या बाईला पुन्हा झाडावी लागली नाही. माझी पाठ गेल्यावर मी घरी बसलो आणि ती गोंदियातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेच्या बाटल्या धुवायला रोजंदारीवर लागली. त्याच कॉलेजात आमची रंजिता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. साल २००९.

त्या वर्षी घरात वैतागाशिवाय काही नव्हते. रंजिता यायची, पिशवी आपटायची.

"पुन्हा पांढरे!"

"काऊन पांढरे?" मी विचारले.

"बाबा, मले माहीत असते तर अशी बोंबलत आली असती काय?"

मग तिने समजावले. जीन म्हणजे कामाचा मूळ हुकूम. आरएनए ही त्याची नक्कल. पेशी ती नक्कल वाचून काम करते. तिच्या जिवाणूंत बी-वन जीवनसत्त्व बनवण्याच्या हुकुमाची जी नक्कल निघते, तिच्या तोंडाशी एक वळण असते. बी-वनचा बारीक रेणू त्यात येऊन बसला की नक्कल मुडपते, वाचणाऱ्या यंत्राला तिच्यावर चढता येत नाही, काम बंद. रंजिताने तेच वळण निळा रंग आणणाऱ्या हुकुमाला जोडले होते. बी-वन नसेल तर बाटली निळी व्हायची, असेल तर पांढरी राहायची.

"मंग पुरे झाले हे सांगते कोण? मुकादम कोण?"

"कोणीच नाही. आधी लोकाईले वाटे, मधी एखादे प्रथिन असंन मुकादमासारखे. हा आरएनए स्वतःच ओळखते."

"मुकादमाशिवाय काम वेळेवर बंद? आमच्या मिलमध्ये मुकादम होता, तरी कधी झाले नाही."

ती हसली नाही. बी-वन न घातलेल्या बाटल्याही तिच्याकडे पांढऱ्याच राहत होत्या. तिचा प्रयोग बघणारे बिसेन सर म्हणाले, "बेटा, कहीं से बी-वन आ रहा है. ढूंढो." तिने पाणी बदलले, मीठ बदलले. जिवाणू वाढवायची, बी-वन नसलेली खास पावडर संपत आली. नवा डबा पुढच्या वर्षी, असे ऑफिसने सांगून टाकले. महिनाअखेर प्रयोग दाखवला नाही तर तिचे वर्ष जाणार होते.

"टेन्शन नोको घेऊ," रुक्मा म्हणाली. "तुह्या बाटल्या मी अजून घासतो."

आणि तिने घासल्या. तरी पांढरे ते पांढरेच.

एकदा रंजिताला बाटली कमी पडली. तिने वर्गातल्या डिंपलची घेतली. पावडर तीच, जिवाणू तेच. तेवढी एक निळी झाली. संध्याकाळी घरात पाय ठेवताच तिने विचारले, "माय, डिंपलच्या बाटल्या कशा धुते तू?"

"तिच्या? नळाखाली धरतो, ब्रश फिरवतो. झाले."

"आन माह्या?"

"तुह्या तशा कायले धुवीन? पोरगी होय ना माही. मूठभर कनकी टाकतो, रातभर भिजू देतो, सकाळी खळाखळा हालवतो. कोपऱ्यातला डागसुद्धा निघते. मंग जरासं विसळलं की झालं."

कनकी म्हणजे तांदळाची चुरी. अरुंद तोंडाची बाटली आमच्याकडे तशीच घासतात.

रंजिता खालीच बसली. "माय, बी-वन तांदळाच्या वरच्या थरात असते, कनकीले तो कोंडा चिकटून राहते. भिजले की पाण्यात उतरते. मले जे नको, तेच तू रोज बाटलीत घालून राहिली."

"मी घालून राहिली? मी घासून राहिली!"

"कनकीनं नोको घासू."

"म्हणजे लोकाच्या पोरीच्या बाटलीवर कसाबसा ब्रश फिरवला तर निळी, आन माह्या पोरीच्या बाटलीत जीव ओतला तर पांढरी? ऐकून राहिले काय जी तुम्ही?"

ऐकत होतो. मेहनतीत खोट असती तर बोललो असतो. मग ती झोपेपर्यंत भांडी आपटत राहिली.

पावडर संपली होती. सकाळी रुक्माने डब्यातले सायकलचे पैसे रंजितापुढे ठेवले. "नागपूरवरून आण. बाटल्या मी ब्रशनं धुतो, तू उभी राहून पाह्य."

महिनाअखेरीस रंजिताने आम्हाला प्रयोगशाळेत नेले. दोन बाटल्या होत्या. बी-वन घातलेली पांढरी, न घातलेली निळी. बिसेन सरांनी सही केली होती. रुक्माने निळी बाटली उजेडात धरली, बुडाशी डाग आहे का ते आधी पाहिले.

"सायकल ह्याच्यात गेली?"

"हो, माय."

"मंग रंग जरा गडद तरी येऊ द्यायचा होता," ती म्हणाली, आणि पायीच घरी निघाली.