संगणकाच्या पुस्तकांचं कपाट

सकाळी अकरा. बारामतीतल्या एका वाचनालयाचं ऑफिस. ग्रंथनिवड समितीची मीटिंग. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

बातमीदारीत केस पिकले की असले किस्से गोळा करावे लागत नाहीत, अंगावर येऊन पडतात. मी विरोधात लिहू नये म्हणून मलाही समितीत घेतलेलं! विषय : प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं आणि मोबाइलचे शौकीन यांच्यासाठी पुस्तकं निवडणे. समितीत कॉम्प्युटर सुरू करता येणारा एकही माणूस नव्हता.

मागणी घेऊन पणदऱ्याची संगीता आली होती. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती.

"सी लँग्वेजचं पुस्तक पायजे. क्लासमधी एकच हाय, ते सर हातातनं सोडत न्हाईत. आमचं वडील, अण्णा, म्हणल्यात, या परीक्षेला पास झालीस तर पुण्याला नोकरी, न्हायतर लगीन."

अध्यक्ष आबा म्हणाले, "मग त्यात वाईट काय हाय?"

समिती हसली. संगीता नाही.

•

आबांची निवडीची रीत म्हणजे पुस्तक हातावर तोलायचं. विक्रेत्यानं सीचं नेमकं पुस्तक पुढं केलं.

"हलकं हाय. एवढ्यात कंप्युटर मावतो व्हय?"

आणि उशीएवढा जाड ग्रंथ निवडला. कशावरचा? तालुक्यात कुणीही न पाहिलेल्या एका जुन्या मशीनवरचा! मी टेबलावर हात आपटला, भांडलो, तेव्हा कुठं आबा म्हणाले, "घ्या रं तेबी, पेपरवाल्याचं मन राखायला."

•

मोबाइलचे शौकीन म्हणजे समितीतलेच इंदापूरचे तात्या. पुण्याहून हँडसेट आणलेला. रेंज औषधालाही नाही. तरी अँटेना खिशाबाहेर दिसेल अशीच!

"तात्या, फोन लागतो का?"

"लागंल की! रेंज कशी आणायची, त्याचं पुस्तक मागवलंय."

पुस्तक आलं. तात्यांनी ते भाच्याकडून वाचून घेतलं आणि टेबलावर आदळलं. "टावर पायजे म्हणतंय! मग पुस्तक कशाला छापलं?"

•

काही पुस्तकांच्या मागच्या पाकिटात कॉम्प्युटरमध्ये घालायची फ्लॉपी होती. ती चोरीला जाईल अशी ग्रंथपालांना धास्ती. त्यांनी दाभण घेतलं आणि प्रत्येक फ्लॉपी आरपार टोचून पुठ्ठ्याला शिवून टाकली. वर वाचनालयाचा शिक्का!

"आता न्या म्हणावं!"

खरंच, कुणीही नेली नाही.

•

मग पुस्तकं लोखंडी कपाटात ठेवून आबांनी कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि कपाटाच्याच दारावर लाल फीत ताणली. पुण्याचे पाहुणे येऊन फीत कापेपर्यंत पुस्तक द्यायचं नाही. पाहुण्यांची तारीख मिळेना. परीक्षा तोंडावर आली.

संगीता पुन्हा आली. "आबा, हितंच बसून वाचते. घरी न्हेत न्हाय."

"पोरी, फीत कापायच्या आधी कपाट उघडलं तर अपशकुन व्हतो."

मी म्हणालो, "आबा, तिच्या जन्माचा प्रश्न आहे!"

"मग तुमी छापा की पेपरात."

छापलं. काही झालं नाही. संगीता नेमकी सीच्या पेपरात नापास झाली. महिन्याभरात लग्न होऊन डाळजला गेली.

•

त्यानंतर पाहुणे आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. आबांनी किल्ली सोडून कपाट उघडलं. पाहुण्यांनी विचारलं, "मुलं हल्ली सी शिकतात ना? ते पुस्तक द्या, फोटोसाठी."

आबांनी वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. ग्रंथपालांनी सगळी पुस्तकं बाहेर काढली. सीचं पुस्तक नव्हतं.

"आबा, किल्ली तर तुमच्याकडंच होती," मी म्हणालो.

"फोटोवाले, हितं या!" आबा ओरडले आणि तो जाड ग्रंथ पाहुण्यांच्या हातात दिला.

कुलूप शाबूत होतं. फीत तर आमच्यासमोरच कापली होती. म्हणजे सीचं पुस्तक त्या कपाटात कधी गेलंच नव्हतं.