भाभींच्या चटणीवर फोनचा डोळा

डंकावर चटणी कुटायला बसलं की मिरचीआधी किस्से निघतात. आणि हल्ली निम्मे किस्से फोनचेच! आम्ही चौघी कोल्हापूरच्या बावड्यात कांदा-लसूण चटणी करून विकतो. तिचं प्रमाण फक्त शमीमभाभींच्या डोक्यात. ते बाहेर गेलं तर आमचा धंदाच बसला! म्हणून चौकशा करणाऱ्या कुणाचीही आम्ही गय करत नाही.

*

आमच्यातल्या थोरल्या आक्काताईंनी मॉलमध्ये झाडू घेतला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मोबाईल नंबर? बर्थडे? ॲनिव्हर्सरी?"

आक्काताई कडाडल्या, "अगं, झाडू न्यायला आलोय, सोयरीक जमवायला न्हाय!"

रांगेतल्या मागच्या दोघांनीही मग नंबर दिला नाही.

*

मी एकादशी बघायला कॅलेंडरचं ॲप घेतलं. ते कॉन्टॅक्ट मागायला लागलं. आमच्यातली सुनंदा म्हणाली, "एकादस तुझी, मग अख्ख्या माहेराचे नंबर कशाला? सगळ्यास्नी उपास घालतंय व्हय!"

तिथल्या तिथे उडवलं ॲप.

*

सुनंदाचा गुडघा दुखतोय एवढंच आम्ही बोललो, तर संध्याकाळी तिच्या फोनवर तेलाच्या जाहिराती! योगायोग असेलही. पण भाभी घाबरल्या. "आज गुडघा ऐकला, उद्या चटणीचं माप ऐकंल!"

तेव्हापासून माप घालताना चौघींचे फोन अंगणात, घमेल्याखाली. एकदा एक फोन वाजायचा थांबेचना. आक्काताई म्हणाल्या, "वरडू दे की! भाईर ठेवल्यावर कसं वाटतंय, कळू दे त्याला बी!"

*

आणि गेल्या महिन्यात टॅब घेऊन एक तरुण आला. भाभी ज्या ॲपवरून किराणा मागवतात, त्याच कंपनीचा. त्यांनीही आता कोल्हापुरी चटणी काढली होती. त्याने प्रमाण विचारलं. भाभी "न्हाय" म्हणाल्या.

तो हसला. "नका सांगू. तुमच्या वर्षभराच्या ऑर्डरी आहेत आमच्याकडे. धने, जिरे, तीळ, खोबरं... सगळं काढलंय!"

भाभींचा चेहराच उतरला. इतक्या वर्षांचं गुपित असं टॅबवर!

त्याने त्यांच्या चटणीचं छापील पाकीट पुढे केलं. "गोदाम भरलंय. फक्त चव तुमच्यासारखी येत नाही. एवढंच सांगा, ओवा भाजून घालता की कच्चा?"

"ओवा?"

"दर महिन्याला अर्धा किलो मागवता ना!"

भाभींनी पदर तोंडाला लावला. हसू काही आवरेना.

"व्हय की! पर त्यो चटणीत न्हाय जात, पावणं. आमच्या सासऱ्यास्नी गॅसचा तरास हाय!"